आजोबांना राणी खरंच भेटली होती का? घरातली अशी आठवण कशी पडताळावी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे आजोबा एडनच्या (आजच्या येमेनमधलं, तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यातलं शहर) बंदरात एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. ते सांगायचे की १९५४ साली राणी एलिझाबेथ 'ब्रिटानिया' जहाजातून एडनला आली, कामगारांच्या रांगेसमोरून जाताना त्यांच्यापुढे थांबली आणि तिने विचारलं, "इथे किती वर्षं आहात?" आजोबा म्हणाले, "सहा वर्षं." त्यावर राणी म्हणाली, "तुमच्यासारख्यांमुळेच हे बंदर चालतं." तिने पांढरे हातमोजे घातले होते. नवे बूट आजोबांना दिवसभर चावत होते आणि फोरमनने आदल्या दिवशी सगळ्यांना दोनदा रांगेत उभं करून बघितलं होतं. आजोबा आता नाहीत. तुम्ही कुटुंबासाठी आठवणींचं पुस्तक करताय. तुमचे भाऊ म्हणतात ही निव्वळ थाप आहे, कारण 'ब्रिटानिया' त्या वेळी एडनला नव्हतीच. तर पुस्तकात हे घालायचं की नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं लोकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून त्या कागदपत्रांशी ताडून बघण्याचं काम करते. मोठ्या माणसाशी अचानक झालेली भेट हा त्यातला नेहमी येणारा प्रकार आहे. राजा, राणी, नट, खेळाडू, पंतप्रधान, कुणीही असो, प्रत्येक घरात अशी एखादी गोष्ट असते आणि प्रत्येक घरात ती न मानणारा एखादा माणूसही असतो. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

"खरं की खोटं" असा प्रश्न घातला की गाडं तिथेच अडतं. आजोबांच्या गोष्टीत एक नाही, चार दावे आहेत. राणी एडनला आली होती. आजोबा त्या दिवशी तिथे होते. ते तिच्या जवळ, बोलता येईल इतक्या अंतरावर होते. आणि तिने अमुक शब्द उच्चारले. या चारही दाव्यांचा पुरावा वेगवेगळ्या ठिकाणी सापडतो आणि चारही बाबतीत निकाल वेगळा लागू शकतो. तुमचे भाऊ जहाजाच्या नावावरून चारही दावे एकदम निकालात काढताहेत. ते बरोबर नाही. उद्या राणीच्या दौऱ्याची बातमी सापडली म्हणून तुम्ही चारही खरे धरलेत, तर तेही बरोबर होणार नाही.

पहिला दावा सोपा आहे. राज्याभिषेकानंतरच्या मोठ्या दौऱ्यात राणी २७ एप्रिल १९५४ रोजी एडनला होती. तिथे तिने एका इस्पितळाची कोनशिला बसवली आणि सय्यद अबुबकर अल्-काफ यांना 'सर' हा किताब दिला. म्हणजे वर्ष बरोबर, ठिकाण बरोबर.

जहाजाच्या बाबतीत मात्र तुमच्या भावांचं म्हणणं खरं आहे. राणी सिलोनहून एडनला आली ती 'गॉथिक' या जहाजातून. हे मूळचं प्रवासी आणि मालवाहू जहाज, दौऱ्यापुरतं राजघराण्यासाठी सजवलेलं. एडनहून पुढे ती विमानाने युगांडाला गेली. 'ब्रिटानिया' नुकतीच नौदलात दाखल झाली होती आणि राणी तिच्यावर पहिल्यांदा चढली ती मे महिन्याच्या सुरुवातीला, लिबियातल्या तोब्रुकला. तेव्हा आजोबांनी एडनच्या बंदरात राणीची 'ब्रिटानिया' पाहिली असणं शक्य नाही.

मग थाप सिद्ध झाली का? माझ्या मते नाही, आणि हा मुद्दा मला नीट समजावून सांगायचा आहे. पुढची चाळीस-एक वर्षं राणीचं जहाज म्हणजे 'ब्रिटानिया' हेच समीकरण जगभर होतं. 'गॉथिक'चं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्यात जानेवारी १९८६ मध्ये दक्षिण येमेनमध्ये यादवी पेटली, तेव्हा एडनमध्ये अडकलेल्या हजाराहून अधिक लोकांना याच 'ब्रिटानिया'ने बाहेर काढलं. ती बातमी जगभर गाजली. एडनमध्ये उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाने ती वाचली नसेल किंवा रेडिओवर ऐकली नसेल, असं मला वाटत नाही. राणी, एडन आणि 'ब्रिटानिया' हे तीन शब्द एकाच बातमीत आले, की बत्तीस वर्षांपूर्वीच्या आठवणीतलं रिकामं राहिलेलं किंवा पुसट झालेलं नाव आपोआप भरलं जातं. सांगणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून मी तुम्हाला एक विचारीन. १९८६ च्या आधी ही गोष्ट ऐकलेलं कुणी घरात आहे का? त्यांच्या आठवणीत जहाजाचं नाव होतं का?

आठवण अशी पुन्हा पुन्हा रचली जाते, हे मानसशास्त्राला फार आधीपासून माहीत आहे. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच ते दाखवलं होतं. आपल्या विषयाला अगदी लागू पडणारा एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी डिस्नेलँडला जाऊन आलेल्यांना एक जाहिरात दाखवली. तिच्यात बग्ज बनी हा कार्टूनमधला ससा मुलांना भेटतो, हस्तांदोलन करतो असं वर्णन होतं. नंतर विचारल्यावर त्यांतल्या काहींनी सांगितलं, हो, आम्हीही त्याला भेटलो होतो, हात मिळवला होता. बग्ज बनी हे वॉर्नर ब्रदर्सचं पात्र. डिस्नेलँडमध्ये ते असणंच शक्य नाही. ही माणसं खोटं बोलत नव्हती. डिस्नेलँडला ती गेली होती हेही खरं होतं. प्रसिद्ध चेहरा मात्र नंतर येऊन बसला.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. चुकीचा तपशील म्हणजे खोटारडेपणा नव्हे. आणि सांगणारा मनापासून सांगतोय, डोळ्यांत पाणी आणून सांगतोय, म्हणून तपशील बरोबर असतोच असंही नाही.

तिसऱ्या दाव्याकडे, म्हणजे अंतराकडे, बहुतेक लोक बघतच नाहीत. मी सगळ्यात जास्त वेळ तिथे घालवते. त्या काळी, त्या प्रकारच्या माणसाच्या इतकं जवळ जायची सोय होती का, हे आधी बघायचं. आज आपण राजघराण्यातल्या लोकांना गर्दीत शिरून हात मिळवताना बघतो, म्हणून ते नेहमीचंच असेल असं वाटतं. पण राणीने रस्त्यावर चालत जाऊन सर्वसामान्यांशी बोलायची पद्धत १९७० च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यात सुरू झाली. कुणी मला सांगितलं असतं, की १९५४ मध्ये मी फुटपाथवरच्या गर्दीत उभा होतो आणि राणी गाडीतून उतरून माझ्याकडे आली, तर मी बराच संशय घेतला असता. तुमच्या आजोबांनी तसं सांगितलेलं नाही. ते म्हणतात, कामगारांची रांग होती आणि फोरमनने आदल्या दिवशी तालीम घेतली. त्या काळच्या दौऱ्यांत नेमकं असंच व्हायचं. निवडक माणसं रांगेत उभी करायची, पाहुण्याने सावकाश पुढे सरकायचं, मधूनच कुणापुढे थांबून एखादा प्रश्न विचारायचा. आजोबांची गोष्ट त्या काळाच्या पद्धतीत बसते आणि माझ्या लेखी जहाजाच्या नावापेक्षा याचं वजन जास्त आहे.

आता शब्दांचं. इथे मी त्या संवादाचे दोन तुकडे करीन. "इथे किती वर्षं आहात?" हा रांगेत विचारला जाणारा ठरीव प्रश्न आहे. "लांबून आलात का?" हा त्याचाच भाऊ. एका दिवसात शेकडो अनोळखी माणसांशी बोलायचं असलं की असेच प्रश्न कामी येतात. उत्तर एका शब्दात मिळतं, कुणी अडचणीत येत नाही. हा प्रश्न तिने विचारला असेल यावर मी सहज विश्वास ठेवीन. "तुमच्यासारख्यांमुळेच हे बंदर चालतं" या वाक्याबद्दल मात्र मला खात्री वाटत नाही. ते फार नेटकं आहे, आणि सांगणाऱ्याला जे ऐकायला आवडलं असतं नेमकं तेच आहे. कदाचित त्या दिवशीच्या एखाद्या भाषणात तसं काही बोललं गेलं असेल. कदाचित फोरमन नंतर म्हणाला असेल. कदाचित आजोबांना तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं असेल. सांगता सांगता ते राणीच्या तोंडी गेलं.

हे मोठमोठ्यांच्या बाबतीतही होतं. संगीतकार बेथोव्हेन आणि जर्मन कवी गटे १८१२ च्या उन्हाळ्यात टेप्लित्झ या गावी भेटले, हे पक्कं आहे. दोघे फिरायला गेले असता समोरून राजघराण्यातली मंडळी आली, गटे बाजूला होऊन टोपी काढून वाकून उभा राहिला आणि बेथोव्हेन मान ताठ ठेवून मधून चालत गेला, ही गोष्ट मात्र जगप्रसिद्ध असूनही डळमळीत आहे. ती आली बेटिना फॉन आर्निम या लेखिकेने कित्येक वर्षांनी छापलेल्या एका पत्रातून, आणि त्या पत्राची मूळ प्रत कधी सापडली नाही. भेट खरी, भेटीतला कळसाचा प्रसंग संशयास्पद. डेन्मार्कचा राजा दहावा ख्रिश्चन याचा किस्साही तसाच. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन अंमलात हा राजा रोज सकाळी अंगरक्षकाशिवाय घोड्यावरून कोपनहेगनच्या रस्त्यांतून जायचा आणि लोक त्याला भेटायचे, हे खरं. नाझी ज्यूंना सक्तीने लावायला लावत तो पिवळा तारा त्याने ज्यूंसाठी स्वतःच्या कोटावर लावला, हे खोटं. डेन्मार्कमध्ये तसा तारा लावायची सक्ती कधी झालीच नव्हती. पण त्या फेरीत राजा दिसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाने "मी त्याला ताऱ्यासकट पाहिलं" असं सांगितलं, तर त्याने राजा पाहिला नाही असा निष्कर्ष मी काढणार नाही.

आता माझ्या दृष्टीने या आठवणीतला सगळ्यात मोलाचा भाग. तो राणीचा नाही, बुटांचा आहे.

पांढरे हातमोजे पुराव्यात धरता येत नाहीत. ते प्रत्येक छायाचित्रात होते, घरबसल्या कुणालाही माहीत होते. पण नवे बूट दिवसभर चावले, हे कुठल्या वर्तमानपत्रात येणार नाही. त्याने सांगणाऱ्याचा मोठेपणाही वाढत नाही. गोष्टीला त्याची गरजही नाही. माझा अनुभव असा, की जो माणूस खरोखर तिथे होता तो वाट बघण्याबद्दल भरभरून बोलतो. किती वेळ उभं केलं, ऊन कुठून येत होतं, शेजारी कोण होता, काय रंगवून घेतलं, कुणाला ऐनवेळी मागच्या रांगेत ढकललं. प्रत्यक्ष भेटीबद्दल त्याच्याकडे दोन वाक्यंच असतात, कारण भेट तेवढीच होती. दुसऱ्याची गोष्ट आपली म्हणून सांगणारा थेट चेहऱ्यावर आणि संवादावर येतो. आजूबाजूचं विचारलं की उत्तरं मोघम होतात.

याचं मला आवडणारं उदाहरण अब्राहम लिंकन यांच्या मुलाचं आहे. रॉबर्ट लिंकन जर्सी सिटीच्या स्टेशनवर गर्दीत डब्याला चिकटून उभा होता. गाडी हलली, तो फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीत घसरला. कुणीतरी कोटाची कॉलर पकडून त्याला जोरात वर ओढलं. आभार मानायला वळून बघतो तर एडविन बूथ, त्या काळचा नामांकित नट. पुढे ज्याने लिंकनना गोळी घातली त्या जॉन विल्क्स बूथचा हा सख्खा भाऊ. रॉबर्टने हे १९०९ मध्ये एका संपादकाला पत्रात लिहून कळवलं. प्रसंगाचं वर्ष आजही १८६३ की १८६४ असं अनिश्चितच आहे. पण पत्रात काय आहे बघा: फलाट साधारण डब्याच्या जमिनीइतका उंच होता, प्रवासी कंडक्टरकडून झोपायच्या डब्यातल्या जागा विकत घेत होते, आपण आपली पाळी येण्याची वाट बघत होतो, पडताना पाय खाली होते. हे तपशील त्या फटीत अडकलेल्या माणसाचेच असू शकतात. तारीख पक्की नाही म्हणून कुणी हा प्रसंग नाकारत नाही.

भाऊ कदाचित म्हणतील, असं असेल तर कुठेतरी नोंद हवी. इथे नोंदी कशा होतात ते माहीत हवं. ब्रिटिश राजघराण्याच्या रोजच्या कार्यक्रमांचं पत्रक, कोर्ट सर्क्युलर, तिसऱ्या जॉर्जने १८०३ पासून काढायला लावलं. ते वर्तमानपत्रांत छापून येतं. त्यात राणी कुठे गेली, कुणी स्वागत केलं हे मिळेल, रांगेतल्या फिटरचं नाव मिळणार नाही. नोंद नसणं हा भेट न झाल्याचा पुरावा होत नाही, कारण असल्या भेटी नोंदीच्या बाहेरच होतात. नेदरलँड्सचे राजे विलेम-अलेक्झांडर एकवीस वर्षं केएलएम या डच कंपनीच्या विमानांत अधूनमधून सहवैमानिक म्हणून बसत होते. घोषणा करताना ते स्वतःचं नाव सांगत नसत. हे २०१७ मध्ये जगभर माहीत झालं. त्याआधी एखादा प्रवासी म्हणाला असता, "आमचं विमान राजाने चालवलं, मी आवाज ओळखला," तर घरच्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. याच्या उलट बाल्मोरल या राजघराण्याच्या स्कॉटलंडमधल्या निवासस्थानाजवळ दोन अमेरिकन पर्यटक खुद्द राणीशी गप्पा मारत होते आणि त्यांनी तिलाच विचारलं, तुम्ही राणीला कधी भेटलात का? ती म्हणाली, मी नाही, पण हा डिक नेहमी भेटतो. डिक म्हणजे शेजारी उभे असलेले तिचे अंगरक्षक रिचर्ड ग्रिफिन. हा प्रसंग पुढे त्यांनीच सांगितला म्हणून आपल्याला कळला.

तुमच्या बाबतीत बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. आजोबांनी ही गोष्ट कितीदा, कुणाकुणाला, कोणकोणत्या वयात सांगितली? ऐकणारे किती जण हयात आहेत? कागद किती उरलेत? हे मला माहीत नाही, म्हणून ठाम निकाल देत नाही. पुढे काय करायचं तेवढं सांगते.

आधी माणसं, मग कागद, सगळ्यात शेवटी इंटरनेट. हा क्रम मोडू नका. तुम्ही लिहिलंय की बुटांचा आणि फोरमनचा तपशील तुमच्या आत्याकडून आला. त्यांच्याकडे या आठवड्यातच जा, एकट्या जा, मोबाईलवर ध्वनिमुद्रण सुरू ठेवा. "राणी काय म्हणाली?" हे पहिल्यांदा विचारू नका. "बाबा ही गोष्ट कुठून सुरू करायचे?" असं विचारा आणि गप्प बसा. मग शेजारी कोण उभा होता, बूट कुणी दिले, संध्याकाळी परत आल्यावर काय झालं, हे एकेक विचारा. आणि एक प्रश्न मुद्दाम विचारा: जहाजाचा रंग कोणता सांगायचे? 'ब्रिटानिया' गडद निळी होती. 'गॉथिक'ला त्या दौऱ्यासाठी पांढरा रंग दिला होता. आत्या आपणहून "पांढरं जहाज" म्हणाल्या, तर ते फार मोठं आहे. नाव नंतर चिकटलं असलं तरी डोळ्यांनी पाहिलेलं जहाज खरं होतं, असं मग म्हणता येईल. म्हणूनच त्यांना आधी कुठलाही फोटो दाखवू नका आणि या उत्तरातलंही काही सांगू नका. एकदा रंग कानावर पडला की तो प्रश्न कायमचा वाया गेला.

मग कागद. पासपोर्टावरचे शिक्के, नोकरीचं प्रमाणपत्र, पगाराच्या पावत्या, घरी आलेली पत्रं. इथे तारखेइतकाच "सहा वर्षं" या उत्तराचा उपयोग आहे. आजोबा १९४८ च्या सुमारास एडनला गेल्याचं दिसलं, तर तो आकडा जुळतो, आणि असा आकडा कुणी मुद्दाम जुळवून सांगत नाही. एडनच्या ब्रिटिश प्रशासनाची १९६७ पर्यंतची कागदपत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण तिथपर्यंत जायची वेळ बहुधा येणार नाही. ब्रिटिश पाथे या बातमीपटांच्या संस्थेने २०१४ मध्ये आपले जवळजवळ ८५,००० जुने बातमीपट यूट्यूबवर टाकले. दौऱ्याची दृश्यं तिथे शोधा. आजोबा दिसतील या आशेने बघू नका. रांगा कशा होत्या, माणसं किती अंतरावर होती, ऊन कसं होतं, हे बघा.

पुस्तकात मी हे नक्की घालीन, पण थर वेगळे दिसतील असं. साधारण असं लिहीन: "आजोबा सांगायचे की एप्रिल १९५४ मध्ये राणी एलिझाबेथ एडनला आली, तेव्हा ते कामगारांच्या रांगेत उभे होते आणि राणीने त्यांना 'इथे किती वर्षं आहात' असं विचारलं. आदल्या दिवशी फोरमनने दोनदा तालीम घेतली होती आणि नवे बूट त्यांना दिवसभर चावले, हे आत्याला त्यांनी अनेकदा सांगितलं. पुढे ते जहाजाचं नाव 'ब्रिटानिया' सांगत. राणी त्या दिवशी 'गॉथिक'मधून आली होती. बंदर तुमच्यासारख्यांमुळे चालतं असंही ती म्हणाली, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले." यात तुमच्या भावांना खोडण्यासारखं एकही वाक्य नाही आणि आजोबांच्या तोंडचं काही गाळलेलंही नाही.

आणि कागदांवरून आजोबा १९५५ मध्ये एडनला पोचले असं निघालं तर? तेही होऊ शकतं. बंदरातल्या वर्कशॉपमध्ये राणीची गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली असणार, आणि बूट चावलेला माणूस त्यांच्या शेजारच्या बाकावर काम करणारा कुणी असू शकतो. तसं असेल तर "त्यांच्या वर्कशॉपमध्ये सांगितली जाणारी गोष्ट" म्हणून ती लिहा, तारखांसकट. पण तो निकाल कागद हातात आल्यावर. आत्यांशी बोलणं झालं की जहाजाच्या रंगाबद्दल त्या काय म्हणाल्या ते इथे जरूर कळवा.